मायच्या नावचं मीटर

गच्चीवर सोलरचे पॅनेल बसून महिना झाला होता आणि त्यावर घरातला एक दिवासुद्धा लागत नव्हता. वीज कंपनीची मंजुरी येईपर्यंत स्विचला हात लावायचा नाही, असं ठेकेदाराने बजावलं होतं. दोंडाईचातलं वैशाखाचं ऊन फुकट चाललं होतं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे मी तहसील कचेरीत तीस वर्षं लोकांना ऐकवलं. आता ते मला ऐकावं लागत होतं, एवढाच फरक.

अडलं होतं एका फोटोवर. ज्याच्या नावावर मीटर, त्याने पॅनेलजवळ उभं राहून काढलेला फोटो पाठवायचा होता. आमचं मीटर मायच्या नावावर. माय ब्याऐंशीची, गुडघे गेलेले. सहा वर्षांत ती जिन्याची पहिली पायरीही चढली नव्हती.

मी कारकून माणूस. आईला जिना चढवण्यापेक्षा कागद पुढे सरकवणं मला सोपं. मीटर माझ्या नावावर करण्याचा अर्ज आणला, सगळा भरला, फक्त तिच्या सहीची जागा रिकामी ठेवली आणि संध्याकाळी तिच्यापुढे धरला. वडील गेल्यावर घर आणि शेत माझ्या नावावर करताना तिने दाखवू तिथे सही केली होती, कशाची म्हणून विचारलंही नव्हतं. या वेळी पेन हातातच घेतलं नाही.

"घर तुन्हं, वावर तुन्हं. मीटर तेवढं मन्हं शे. ते ऱ्हाऊ दे."

मला हसू आलं. मीटर ही काय इस्टेट झाली? पण ती हसत नव्हती. घर बांधलं तेव्हा वडील एसटीवर ड्रायव्हर होते, मुक्कामाची गाडी घेऊन पिंपळनेरला गेलेले. वीजजोडणीसाठी घरातलं कोणीतरी त्याच दिवशी कचेरीत हवं होतं. ती एकटी गेली, रांगेत उभी राहिली आणि मीटर तिच्या नावावर आलं. बदलून घेऊ, असं वडील म्हणत राहिले आणि ते राहून गेलं. तेव्हापासून दर महिन्याला बिलावर तिचं नाव छापून येतं. एरवी तिच्या नावाने घरात कागद येतो कुठे? हे सगळं मला माहीत होतं, पण मी त्याचा कधी विचार केला नव्हता.

"मग फोटोचं काय?" मी चिडून विचारलं.

"मी चढसू."

दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत ठेकेदार आला. खुर्चीत बसवून दोघं उचलू म्हणाला. मायने खुर्ची बाजूला करायला लावली. ठेवणीतलं लुगडं नेसून ती जिन्याकडे पाठ करून पहिल्या पायरीवर बसली, दोन्ही हात मागे वरच्या पायरीवर टेकले आणि अंग वर ओढून घेतलं. मग पुढची पायरी. आमच्या जिन्याला एकोणीस पायऱ्या आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. ती सरकली की खालून मी सरकायचो. तिचं तोंड माझ्याकडे, ओठ घट्ट मिटलेले. माझ्या खिशात तो अर्ज होता, मध्येच थकली तर तिथेच सही घेऊ म्हणून. आज सांगताना लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

वर पोहोचल्यावर तिने गच्चीभर नजर फिरवली. "मंग बिबडा कोठे टाकाना आते?" ज्वारीचे ते पापड तिने सहा वर्षांत घातले नव्हते, तरी जागा गेल्याचा राग आलाच.

"अक्का, जरा हसा," ठेकेदार म्हणाला. ती हसली नाही. एक हात पॅनेलवर ठेवून, होती तेवढी ताठ उभी राहिली.

फोटो चालला. पाहणी झाली, मंजुरी आली आणि कंपनीचा माणूस नवं मीटर घेऊन आला. काम आटोपल्यावर त्याने कागद पुढे केला आणि "ग्राहक कोण?" म्हणून विचारलं. सवयीने माझाच हात पुढे गेला.

"मी शे," ओसरीवरून माय म्हणाली. सही करण्याआधी तिने त्याला नाव मोठ्याने वाचायला लावलं. मग पुन्हा एकदा वाचायला लावलं.

ठेकेदाराने स्विच चालू केला. पंखा आधी फिरत होता, तसाच फिरत राहिला. माणसं गेल्यावर तिने माझ्यापुढे हात केला.

"तो कागद दे."

"कोणता?"

"खिसामधला."

अर्ज अजून माझ्या खिशातच होता. शर्ट बदलला की मी तो नव्या शर्टात ठेवत होतो. तिने तो उघडला, सहीच्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं आणि मला परत दिला.

"सांभाळी ठेव. मी मरी गऊ का तुले लागी."

तिच्यासमोर फाडून टाकायला हवा होता. मी त्याची घडी घातली आणि खिशात ठेवला.