आकारामला येणारं फिट

समजा, तुम्ही अंगावर फक्त चड्डी ठेवून साताऱ्याला भरतीच्या रांगेत उभे आहात. धावून झालं, छाती फुगवून झाली. आता उत्तरेकडचे एक डॉक्टर विचारतात, "फिट आता है?" तुम्ही सांगलीत आयटीआयला फिटरचा कोर्स केलाय, आणि भरतीही फौजेच्या वर्कशॉपसाठीच आहे. काय सांगाल?

तासगावकडच्या आकारामनं १९९४ साली सांगितलं, तेच सांगाल.

"आता है साब! एकदम!"

"कब से?"

"दो साल से."

"महीने में कितनी बार?"

हा काय प्रश्न झाला, असं आकारामला वाटलं. "रोज, साब. सिर्फ इतवार को छुट्टी."

डॉक्टरांनी त्याच्याकडे मोठ्या दयेनं पाहिलं आणि त्याला रांगेतून बाजूला काढलं.

बाहेर त्याचे वडील थांबले होते. हंबीरराव स्वतः फौजेतले निवृत्त हवालदार. ते आत जाऊन चौकशी करून आले, ते लालबुंद होऊनच.

"तुला फिट कवापास्नं येतीया रं?"

"दोन वर्सं झाली की, आबा. तुमीच न्हाई का फी भरून शिकाय घातलं?"

हंबीररावांनी कपाळावर हात मारला. "आरं, ती फिट म्हंजे आकडी! तोंडाला फेस येतो ती!"

फौजेशिवाय दुसरं काही आकारामच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. नशीब एवढंच, की फेरतपासणी मागायची सोय होती. ती मागितली. पण तोवर बातमी गावभर झाली. एसटी थांब्यावर तो दिसला, की त्याचा दोस्त नानासो ओरडायचा, "गड्या, कांदा फोडू का नाकाला लावाय?"

आकाराम चिडला नाही. तो त्या शब्दाच्याच मागे लागला. शिंपी म्हणाला, शर्ट फिट झाला. तालमीत वस्ताद म्हणाले, पोरगं फिट हाय. पारावर कुणी कुजबुजलं, साक्षीदार फिट केलाय. एवढासा शब्द, आणि जाईल तिथं वेगळंच सोंग!

फेरतपासणीला मोठे डॉक्टर मराठी होते. त्यांनीही तेच विचारलं, "फिट येते?"

"कंची, सायेब?" आकारामनं छाती काढली. "लोखंडाला लोखंड बसवायचं फिट झकास येतं. तुमी शिक्का मारता त्ये फिट तर पायजेच हाय. आकडीची मातर जन्मात आली न्हाई."

डॉक्टर इतके हसले, की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मग त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत कसून तपासलं आणि मोठ्यानं म्हणाले, "फिट!"

आकाराम गावात उतरला, तेव्हा नानासो हलगी घेऊन थांब्यावर हजर होता. "लय फिट येतीया म्हणं तुला!" म्हणत त्यानंच आकारामला खांद्यावर घेतलं.

फेरतपासणीहून निघताना मात्र आकारामनं त्या मोठ्या डॉक्टरांना विचारलंच होतं, ह्यो शब्द आला कुठनं? ते म्हणाले, "आकडीचा फिट फार जुना, पूर्वी त्याचा अर्थ झटापट असा असावा. जुळण्याचा फिट कुठून आला, ते जाणकारांनाही नक्की सांगता येत नाही."

आता फौजेच्या वर्कशॉपमध्ये लोखंडावर कानस मारताना आकाराम घामाघूम होतो. तुकडा अडतो, हट्ट करतो, आणि शेवटी खटकन बसतो. तेव्हा दर वेळी त्याच्या मनात येतं: झटापट केल्याबिगर काय जुळतंय व्हय? मग ही दोन्ही फिट एकाच घरातली नसतील कशावरनं?