बारा ते चार, बाहेरून कुलूप

दोन वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, न्हाणीत माझा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. मी आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, तिथूनच रिटायर झाले. नंदनवन कॉलनीतलं हे तीन खोल्यांचं घर आम्ही दोघांनी नोकऱ्या करून बांधलं. मिस्टर गेल्यापासून मी एकटीच इथे राहते. मुलगा एकच, पुण्याला असतो.

त्यानं माझं फार केलं, हे आधी सांगायला हवं. ऑपरेशननंतर दीड महिना तो इथेच होता. शौचाचं भांडं द्यायचा, काढायचा, माझे केस विंचरून वेणी घालायचा. वेणी वाकडी यायची, पण घालायचा. त्याच दिवसांत एकदा म्हणाला, "आई, बँक, पेन्शन, हॉस्पिटल, जिथे जावं तिथे तुझी सही मागतात. मला मुखत्यारपत्र करून दे, म्हणजे तुला उठावं लागणार नाही."

रजिस्ट्री ऑफिसचे एक साहेब घरी आले. त्यांनी माझा फोटो घेतला, अंगठा यंत्रावर ठेवायला लावला आणि विचारलं, "मजकूर वाचला ना आजी? मान्य आहे?" मी मान्य आहे म्हटलं. चष्मा उशाखाली होता. मी तो काढलाही नाही.

मुलगा परत गेला तेव्हा त्यानं दिवसरात्रीची बाई ठेवली आणि हॉलमध्ये एक कॅमेरा लावला. त्या कॅमेऱ्यातून तो मला बघू शकायचा आणि बोलूही शकायचा. बाई मूळची मौद्याकडच्या खेड्यातली, पन्नाशीची, हलक्या हाताची. तिचं घर आता आमच्या मागच्याच वस्तीत होतं. घरी म्हातारी सासू होती, म्हणून बारा ते चार तिला सुट्टी लागायची.

सहा महिन्यांत मी वॉकर घेऊन चालायला लागले. एका दुपारी भाजीच्या गाडीवर संभाराची हिरवी जुडी दिसली म्हणून फाटकाबाहेर गेले, तर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी रस्त्यातच बसले. शेजारणीनं उचलून आत आणलं. तेवढा वेळ मुलाला कॅमेऱ्यात रिकामा हॉल दिसत होता. त्यानं किती फोन केले असतील! संध्याकाळी तो रडला. दुसऱ्या दिवसापासून बाई जाताना वऱ्हांड्याचं गजांचं चॅनल गेट ओढून बाहेरून कुलूप लावायला लागली.

"काहून लावून राहिलीस?" मी विचारलं.

"दादानं सांगतलं आजी. मी काय करू? माह्या सासूले बी मी बाहेरून कडी लावूनच येतो."

मी मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, चार तासांचा तर प्रश्न आहे. तसंही तू दुपारी कुठे जातेस?"

खरंच कुठे जात नव्हते. पण कुलूप लागलं की बारा वाजून पाच मिनिटांनी मला बाहेर जावंसं वाटायचं. एक पाय वऱ्हांड्यात, एक पाय हॉलमध्ये असं माझं होई. कुरिअरवाला आला की मी आतून सांगायची, नंतर ये. तो कुलुपाकडे बघायचा, मग माझ्याकडे. शेजारीण भाजी आणायची तर वाटी गजांमधून सरळ येत नसे, तिरकी करावी लागे, रस्सा सांडे. मग ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणायला लागली. ती पिशवी गजांमधून ओढून घेताना मला लाज वाटायची. कोणाची लाज, ते मला कळत नव्हतं. गल्लीतल्या बायकांना मी सांगितलं होतं की चोऱ्या वाढल्यात म्हणून कुलूप लावतो.

पुढच्या मे महिन्यात कूलरची मोटर जळली. दुपारचा दीड वाजला असेल. आधी वास आला, मग हॉलभर काळा धूर. मेन स्विच उंचावर, दाराच्या मागे. खराट्याच्या दांड्यानं तो खाली पाडायला मला तीन वेळा प्रयत्न करावा लागला. लाइट गेला, पंखा गेला, धूर तिथेच. मी वॉकर ढकलत चॅनल गेटपाशी आले आणि शेजारणीला हाका मारल्या.

ती धावत आली. वयानं साठीची, अंगानं जाड, पण दगड घेऊन कुलपावर मारत सुटली. कुलूप तुटेना. "बाईले फोन लाव वं ताई!" ती ओरडत होती. बाईचा फोन बंद. कॅमेरा बंद पडलेला पाहून मुलाचा माझ्या मोबाइलवर फोन आला. "आई, खिडकीजवळ जा. तोंडावर ओलं कापड धर. मी कोणाला तरी पाठवतो." पुण्याहून तो कोणाला पाठवणार होता? मी गजांना नाक लावून बसले. शेजारीण माझ्या तोंडावर बाहेरून पाणी मारत होती. हळूहळू धूर आपोआप विरला. जळालं काहीच नाही, फक्त भिंत काळी झाली. चारला बाई आली आणि तिनं कुलूप उघडलं. रात्री मी मुलाला फोनवर म्हटलं, एक चाबी मलाही दे.

मुलानं दुसऱ्याच दिवशी नवा कूलर पाठवला. कुलूप तसंच राहिलं.

महिनाभरानं सकाळी दोन माणसं आली. घराच्या भिंती मोजायला लागली. "दादांनी पाठवलं," बाई म्हणाली. त्यातला एक मला म्हणाला, "काकू, तुम्हाला काही तकलीफ नाही. पॉवर तुमच्या मुलाकडे आहे, सही तेच करतील."

ती माणसं गेल्यावर मी कपाटातून मुखत्यारपत्राची प्रत काढली. चष्मा लावून पलंगावर बसले आणि दीड वर्षांनी पहिल्यांदा ती वाचली. बँक होती, पेन्शन होती, हॉस्पिटल होतं. त्याच्या खाली होतं: सदर मिळकत विकणे, गहाण ठेवणे, भाड्याने देणे, ताबा देणे. खाली माझा फोटो. फोटोत मी हसत होते.

"तू घर विकून राहिला का?" मी त्याला फोनवर विचारलं.

"विचारून ठेवतोय फक्त. आई, आज ना उद्या तुला इकडेच यायचंय. अकराव्या मजल्यावर हवा चांगली आहे, लिफ्ट आहे, खाली बाग आहे."

"मले नाही यायचं."

"मग मी काय करू, सांग. नोकरी सोडून तिथे येऊ?"

मी फोन ठेवला. त्याचं काही चुकत नव्हतं आणि तरी मी बांधलेलं घर माझ्याखालून काढलं जात होतं, तेही माझ्याच अंगठ्यानं.

शेजारणीला मी त्या दिवशी सगळं सांगितलं. चोरांची गोष्ट खोटी होती, हेही सांगितलं. तिच्या भाच्याचं काम कधी तरी मोफत कायदेशीर मदतीच्या कार्यालयातून झालं होतं. ती कोर्टात जाऊन अर्ज देऊन आली. मला वाटलं होतं पेन्शनवाल्या बाईला कोण फुकट वकील देतं, पण बाईमाणसाला तिथे उत्पन्नाची अट नसते म्हणे. आठवड्याभरात एक तरुण वकीलबाई आली. मुद्दाम दुपारी बोलावली, बाई घरी नसताना. ती गेटबाहेर शेजारणीच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली, मी आत माझ्या खुर्चीवर. मध्ये गज.

तिनं आधी कागद मागितलाच नाही. कुलूप हातात घेऊन बघितलं. "काकू, याची चाबी तुमच्याजवळ का नाही?"

मी सांगितलं.

"शहाण्यासुरत्या माणसाला असं कोंडून ठेवता येत नाही. कायद्यानं हा गुन्हा होतो. तुम्हाला तक्रार करायची आहे का?"

"तक्रार कोणाची? माझ्या मुलाची?"

तिनं हातातलं कुलूप सोडलं. मग म्हणाली, "ठीक आहे. मग फक्त कागदाचं बघू. तुम्ही दिलेला अधिकार तुम्ही परत घेऊ शकता. त्याला कारण द्यावं लागत नाही. रद्द करण्याचा लेख करू, रजिस्टर करू, मुलाला नोटीस देऊ, बँकेला कळवू."

"पण मी तिथवर जाऊ कशी?"

"तुम्ही नका जाऊ. जसे साहेब द्यायच्या वेळी घरी आले होते, तसे परत घ्यायच्या वेळीही येतात. डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागेल."

तेवढ्यात मागून हॉलमधून आवाज आला. "आई, कोणाशी बोलतेयस? कोण आलंय?"

वकीलबाई दचकली. मी वळून कॅमेऱ्याकडे बघितलं. आयुष्यभर मी लोकांचे कॉल जोडून दिले, पण भिंतीशी बोलताना माझी जीभ अडली. खोटं सहज सांगता आलं असतं. शेजारीण तर गजांमधून खुणाही करत होती, नको म्हणून.

"वकील आहे," मी म्हटलं. "मी तुझं मुखत्यारपत्र रद्द करून राहिली."

मग वकीलबाईकडे वळून विचारलं, सर्टिफिकेट कोणत्या डॉक्टरचं चालतं.

दोन दिवसांनी तो स्वतः आला. चहा घेतला नाही. "मी तुझं घर खाऊन टाकणार होतो का, आई? बाहेरच्या माणसाला बोलवायच्या आधी मला एकदा सांगायचं."

"सांगितलं होतं. धूर झाला त्या दिवशीच सांगितलं, चाबी दे म्हणून."

"तू परत पडलीस तर?"

"तर पडीन. पण बाहेरून कोणाले आत येता आलं पाहिजे ना?"

तो खाली बघत होता. त्याच्या डोक्यावर टक्कल दिसायला लागलं होतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि मी घेतलं नाही. घेतलं असतं तर मी पुण्याला गेले असते.

रजिस्ट्रीचे साहेब आले त्या दिवशी तो घरातच होता. वेगळे साहेब होते, पण प्रश्न तोच. या वेळी मी चष्मा लावून पाचही पानं वाचली, सगळे ताटकळत बसले तरी. मग वकीलबाईनं दुसरा कागद पुढे केला. तो आम्ही दोघींनी मिळून लिहिला होता. मुलाला बँकेचा आणि हॉस्पिटलचा अधिकार, तेवढाच. घराचा नाही. मुलानं तो वाचला आणि म्हणाला, "एवढं तरी ठेवलंस." त्यात राग होता की आभार, मला समजलं नाही. मृत्युपत्राचंही वकीलबाईनं सुचवलं होतं. मी म्हटलं, एका महिन्यात एवढंच पुरे.

कुलपाच्या तीन चाब्या झाल्या. एक माझ्याकडे, एक शेजारणीकडे, एक बाईकडे. आता बाई जाताना गेट नुसतं ओढते आणि मी आतून लावून घेते. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "आजी, मी बी सासूची कडी उघडी ठेवून पाह्यली. म्हातारी बाहेर येऊन ओट्यावर बसली, अन् तिथंच बसून राह्यली." आणि हसली.

मलाही वाटलं होतं की आता दुपारी बाहेर पडेन. तसं झालं नाही. ऊन असतं, गुडघे असतात. फाटकापर्यंत जाते, कोपऱ्यावर जाऊन येते, बस. कित्येक दुपारी चाबी हातात असून मी पलंगावरच पडून असते. कुलूप होतं तेव्हा निदान दोष द्यायला कोणी तरी होतं.

पावसाळ्यात मी पुन्हा घसरले. ओल्या फरशीवर, हलकंसंच, मनगट सुजलं. शेजारीण आली, आत आली, बर्फ लावला. मी तिला म्हटलं, पुण्याला कळवू नको. कॅमेऱ्यासमोर तीन दिवस तो हात पदराखाली ठेवला. चौथ्या दिवशी मलाच ते सहन झालं नाही आणि मी फोन करून सांगितलं.

"कोणता हात?" त्यानं विचारलं.

"डावा."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं. मुरगळला आहे."

पुण्याला चल असं तो म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. उत्तर तयार ठेवलं होतं. तो म्हणाला नाही. "बरं," एवढंच म्हणाला, आणि मी कॅमेऱ्यासमोर तो हात पदराखालून बाहेर काढला.