कॅन्टीनची रांग

कारगिलच्या लढाईहून वडील परत आले, पण घरात टिकले नाहीत. कुकरची शिट्टी झाली की ते ताटावरून उठून बाहेर जायचे. वर्षभरात त्यांनी खुलताबादला शेतातल्या खोलीत बिऱ्हाड हलवलं. आई आणि मी शहरात, गारखेड्यात राहिलो.

महिन्यातून एकदा मात्र छावणीतल्या मिलिटरी कॅन्टीनच्या रांगेत आम्ही तिघं भेटायचो. कार्ड वडिलांच्या नावाचं आणि सामानाची यादी आईच्या डोक्यात. एकमेकांशी बोलायचं नाही म्हणून मधे मला उभं करायचे.

"इचार त्यांना, साबण किती घ्यायचे."

"सांग तिला, लागतील तेवढे घे."

दोघांत हातभर अंतर. सगळं साफ ऐकू जायचं, तरी मी तेच पुन्हा म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही. वरून ऊन. लई वैताग यायचा मला.

चौथीत असताना एकदा आईनं चहापत्तीचं विचारायला सांगितलं आणि मी तोंडच उघडलं नाही. मागचे लोक ओरडायला लागले. शेवटी चहापत्ती न घेताच आम्ही बाहेर आलो.

"तोंड शिवलं व्हतं का तुझं?" आई उखडली.

"ती काय इचारतीय? बोल की!" वडील लगेच म्हणाले.

माझ्यावर रागावताना ते दोघं पहिल्यांदाच एका घरातले वाटले. मला बरं वाटलं. पुढच्या महिन्यातही गप्पच राहायचं, असं मी ठरवलं.

पण पुढच्या महिन्यात आईनं सगळी यादी कागदावर लिहून आणली. वडिलांना द्यायला कागद माझ्याच हातात दिला.