आधी साखर, मग फोटो

२००४च्या आसपास मी शिकागोत पीएचडी करत होते. आमच्या लॅबची एक रीत होती आणि ती पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात जायची. आम्ही रक्तातली साखर मोजणारा सेन्सर बनवत होतो. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या पाण्यात मिसळायच्या, त्याचा थेंब इलेक्ट्रोडवर ठेवायचा, वाळला की पातळ काळी फिल्म तयार. तिच्यावर एन्झाइम बसवायचं. साखर एन्झाइमला भेटली की करंट मिळतो. इथवर ठीक. पण फिल्म आधी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली जायची आणि फोटोत गुळगुळीत दिसली तरच साखरेच्या पाण्यापर्यंत पोचायची. खडबडीत दिसली की थेट कचऱ्यात. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमासारखंच. रंगरूप पसंत पडल्याशिवाय पुढची बोलणीच नाहीत.

मी म्हणायचे, साखरेला डोळे नसतात, तिला आत शिरायला वाट हवी. नळ्या दाटीवाटीने बसल्या की फक्त वरचा थर कामाला येतो, खालचं सगळं फुकट. सैल बसल्या, मधे पोकळी राहिली, तर एन्झाइमही आतपर्यंत बसेल आणि साखरही पोचेल. अनारशाला जाळी पडावी लागते हे कळायला मला कधी मायक्रोस्कोप लागला नव्हता.

प्रोफेसरांना हे पटेना. त्यांनी मला ऑफिसात बोलावून अगदी शांतपणे सांगितलं, की स्प्रिंग सेमिस्टरपर्यंत नीट फिल्म दाखव, नाहीतर पीएचडी सोड आणि मास्टर्स घेऊन बाहेर पड. बाहेर पड म्हणजे स्टुडंट व्हिसा संपला, सामान बांध. डेव्हन ॲव्हेन्यूजवळ ज्यांच्याकडे मी भाड्याने राहत होते, त्या काकूंना मी हे सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या.

"कशाला आर्ग्यू करतेस गं? त्यांना स्मूथ हवीय ना, मग स्मूथ दे. डिग्री घे आणि मोकळी हो."

काकू माझ्या भल्याचंच सांगत होत्या. पण माझा संताप काही जाईना. जे मोजलंच नाही, ते वाईट कसं ठरवता?

मग मी आधी फोटो काढणंच बंद केलं. खडबडीत फिल्मवर एन्झाइम बसवलं आणि ती सरळ साखरेच्या पाण्यात घातली. करंट गुळगुळीतपेक्षा चांगलाच जास्त आला, आणि लवकर आला. मी खूश. दुसऱ्यांदा बुडवली तर फिल्मचे पापुद्रे सुटून तरंगायला लागले. प्रोफेसरांनी ते पाहिलं आणि नुसते हसले. ते हसणं मला फार लागलं. मी एकच मोठा थेंब टाकणं सोडून दिलं. थेंब लहान घ्यायचा, थर पातळ द्यायचा, तो काचेच्या झाकणाखाली हळूहळू वाळू द्यायचा आणि मगच पुढचा. फिल्म दिसायला तशीच ओबडधोबड राहिली, पण आता ती पाण्यात टिकली.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी रीत मोडली. फोटोऐवजी आधी ग्राफ लावला. त्यावर दोन रेषा होत्या, कुठली फिल्म कुठली ते लिहिलं नव्हतं. यातला कुठला सेन्सर घ्याल, असं मी विचारलं. प्रोफेसरांनी वरच्या रेषेवर बोट ठेवलं. मग मी त्या फिल्मचा फोटो लावला. तीच ओबडधोबड फिल्म. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारी उभं राहून माझ्याकडून सगळं पुन्हा मोजून घेतलं. आकडे तेच आले.

जर्नलसाठी पेपर लिहायला बसलो तेव्हा ते म्हणाले, फोटो मात्र गुळगुळीत फिल्मचा टाकू. हा खडबडीत बघून परीक्षक बिचकतील, पेपर परत आला तर तुझी डिग्रीही अडकेल.

"जी मोजली, तिचाच फोटो जाईल," मी म्हणाले. "नाहीतर माझं नाव काढा आणि मला मास्टर्स देऊन टाका."

त्यांनी नाव काढलं नाही. पेपर मात्र परत आलाच, आणि परीक्षकाने नेमके त्या फोटोवरच ताशेरे ओढले होते. मी फोटोला हात लावला नाही. फिल्म अशी का दिसते आणि तशी दिसायलाच का हवी, एवढं खाली लिहिलं आणि पेपर दुसऱ्या जर्नलकडे पाठवला. तिथे तो छापून आला. डिग्री मिळाली, उशिरा, पण पीएचडीचीच.

लॅब सोडताना किल्ली द्यायला गेले, तर मायक्रोस्कोपवर प्रोफेसरांच्या अक्षरातला नवा कागद चिकटवलेला होता: आधी साखरेची टेस्ट, मग फोटो. माझं नाव त्यावर कुठेच नव्हतं. नसू दे. मी वाकून कचऱ्याच्या डब्यात पाहिलं. त्यात एकही फिल्म नव्हती.