लाल छत्री

ही गोष्ट सांगायची मी चाळीस वर्षं टाळली, कारण हसलो आम्ही आणि भोगलं एका शाळकरी मुलीनं.

कुवेतला मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत मी स्टोअरकीपर होतो. तिथल्या एका चिनी वेल्डरची मुलगी त्याच्या गावी हायस्कुलात शिकत होती. तिला इंग्रजी ऐकायचा सराव हवा, म्हणून त्यानं मला धडा आणि तो वाचून भरायला कोरी कॅसेट दिली. धडा एवढाच, की एक माणूस दुकानातून काळी छत्री विकत घेतो.

शुक्रवारी दुपारी मी खोलीतल्या दोघा मालवणी मित्रांना वाचायला बसवलं. दोघंही गावाकडे दशावतारात काम करणारे, संवाद उभ्या उभ्या रचणारे.

"मेल्या, ह्या धड्यात भांडणच नाय!" दुकानदार झालेला म्हणाला, आणि त्यानं इंग्रजीतच गिऱ्हाईकाला युद्धाचं आव्हान दिलं. गिऱ्हाईक ओक्साबोक्शी रडलं आणि लाल छत्री घेऊन पळालं. मी पोट धरून लोळत होतो. तीच कॅसेट मी वेल्डरला दिली.

दोन महिन्यांनी तो मुलीचं पत्र घेऊन आला. तिनं उत्तरात 'लाल' लिहिलं होतं. पुस्तकच चुकलंय, म्हणून शिक्षकांशी वाद घातला होता आणि शिक्षा म्हणून ती तासभर उभी राहिली होती.

"पुस्तक चूक, की कान चूक?" त्यानं मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"कान," मी म्हणालो. "सराव कमी पडतोय."

त्यानं माझे आभार मानले आणि तिला तसंच कळवलं. पुढे कॉन्ट्रॅक्ट संपून तो निघून गेला.

पोरी, तुझे कान बरोबर होते. चूक माझी होती. मला माफ कर.