परक्या नराचा वास

"आधी ते उंदरांचं काम सोड!"

"उंदरांनी काय केलंय तुमचं?"

"माझं पोर खाल्लं त्यांनी. अजून काय करायचं राहिलंय?"

सिल्व्हियाच्या हातातलं कुकरचं झाकण तसंच राहिलं. तिसऱ्या महिन्यात तिचं पोट खाली झालं, दवाखान्यातून येऊन आठवडाही झाला नव्हता. उद्यापासून कामावर जाते म्हणाली, एवढंच निमित्त, आणि नवरा पेटला.

ती मूळची राहात्याची. नवरा डेव्हिड नागापूरच्या एमआयडीसीत लेथ मशीनवर टर्नर, आणि ही फार्मसी कॉलेजच्या प्राणीघरात. उंदरांच्या पिंजऱ्यांतला भुसा बदलायचा, पाणी भरायचं, पिलं झाली की तिथल्या मॅडमना सांगायचं. पहिल्याच वर्षी तिनं नुकत्याच गाभण राहिलेल्या माद्यांशेजारी नव्या नराचा पिंजरा ठेवला, आणि बहुतेकींना पिलंच झाली नाहीत. मॅडम ओरडल्या नाहीत, त्यांनी समजावलं. परक्या नराच्या मुतातलं काहीतरी मादीच्या नाकातल्या खास पेशींना चिकटतं. त्या पेशी मेंदूला खबर देतात, मेंदू गर्भ टिकवणारं संप्रेरक कमी करतो, गर्भ रुजतच नाही. केवढं नवल वाटलं होतं तिला! जेवताना तिनं ते डेव्हिडला रंगवून सांगितलं होतं. दोघं हसली होती.

"तूच म्हणालीस ना, वासानं पोट खाली होतं?"

"उंदरिणीचं हो! माणसाच्या नाकात त्या पेशी कामाच्या राहिलेल्याच नाहीत. आईच्या पोटात असतानाच त्यांच्या तारा विरून जातात. परवा फोन करून परत विचारलं मी मॅडमना."

"का विचारलंस? तुलाबी शंका आली म्हणूनच ना?"

आली होती. दवाखान्यातल्या खाटेवर तिनं आपल्याच हातांचा वास घेऊन पाहिला होता. नुसत्या साबणाचा येत होता.

"डॉक्टरीणबाई बोलल्या तेव्हा तुम्ही होतात की. गर्भ घडतानाच चुकला होता. कुणामुळं न्हाई."

"कुणामुळं न्हाई म्हंजे? मशीनवर एखादा पार्ट बिघडला तर सायेब पयलं इचारतो, कुणी बिघडवला. कुणीतरी असतंयच!"

"कधीकधी कुणीच नसतं हो."

"मग आईला काय सांगू मी?"

"सांगितलंत ना आधीच? उंदरांमुळं गेलं म्हणून?"

डेव्हिड चपला पायात सरकवू लागला.

"बरं," सिल्व्हिया म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली आला होता. "सोडते काम. उद्याच सोडते. पण एकदा तोंडानं म्हणा, सिल्व्ही, तुझ्यामुळं न्हाई गेलं. आईंसमोर नको, इथंच म्हणा."

डेव्हिडनं खिळ्यावरची गाडीची किल्ली काढली. दारही ओढून न घेता तो जिना उतरून गेला.