फाटकासमोरचे दोन भोंगे

आईच्या गळ्यातली गाठ काढली आणि गाठीसोबत तिचा आवाजही गेला. आवाजाच्या दोन पडद्यांपैकी एक हलायचा थांबला, असं डॉक्टर म्हणाले. असं कधीकधी होतं, असंही म्हणाले. उरलं ते फुसफुसणं, सायकलच्या ट्यूबमधून हवा निघावी तसं. त्याआधी अकोल्याच्या जुन्या शहरात, आमच्या गल्लीत, आई दारात उभी राहून बोलायला लागली की समोरच्या घरातले लोक टीव्हीचा आवाज वाढवायचे.

ती डाळ मिलमध्ये निवडणीवर आहे. तिथल्या बायकांची एक लहानशी संघटना आहे. तिला ऑफिस नाही, पाटी नाही. आमच्या घरातली लोखंडी खाट हेच ऑफिस, आणि खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. त्यांच्या कोऱ्या पाठीवर माझी शाळेची गणितं झाली. गोष्टीची पुस्तकं घरात फार उशिरा आली, त्यामुळे कुठलंही वाक्य मला अजून मागणीसारखंच सुचतं. बारावीनंतर पत्रकं मीच लिहू लागले. नीट लिहिलेल्या पत्रकापुढे कुठलंही फाटक फार काळ बंद राहू शकत नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

संघटनेचा एक नियम आईनेच घातला होता. फाटकावर तीच बोलेल, जी फाटकाच्या आत काम करते. बाहेरून येऊन भाषण ठोकणारे पुढारी या बायकांनी पुष्कळ पाहिले होते. भाषण पुढाऱ्याचं व्हायचं, हजेरी बायकांची कापली जायची. म्हणून मी पत्रक लिहायचं, वाटायचं, आणि फाटकावर तोंड बंद ठेवायचं. हा नियम मला पटत होता. आजही पटतो, आणि आजही त्याच्याशी माझं भांडण चालू आहे.

तुरीचा हंगाम भरात होता. मिलमध्ये चालत्या पट्ट्याच्या रोलरमध्ये एका बाईचा पदर गेला. शेजारी काम करणाऱ्या बाईने धावत जाऊन मेन स्विच पाडला. पदर फाटला, बाई वाचली. पट्टा अचानक थांबल्यामुळे वरून येणारा माल तुंबला आणि जमिनीवर सांडला. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने स्विच पाडणाऱ्या बाईला फाटकाच्या आत घेतलं नाही. न विचारता स्विचला हात लावला, हा तिचा गुन्हा. विचारायचं कोणाला? सुपरवायझर तेव्हा चहाला गेला होता. एका बाईच्या गळ्याचा भाव सांडलेल्या डाळीपेक्षा कमी आहे, हे मालकाने इतक्या उघडपणे सांगितलं होतं की मला त्यावर पत्रक लिहायला जास्त शब्दच लागले नाहीत.

आईचं म्हणणं साधं होतं. त्या बाईला आत घेत नाहीत तोवर कोणीच आत जायचं नाही. भर हंगामात मालक अर्धा दिवसही पट्टा बंद ठेवू शकत नाही. पण हे सगळ्यांना एकाच वेळी कळायला हवं होतं. बायका कुठल्या कुठल्या वस्त्यांतून, आजूबाजूच्या खेड्यांतून ऑटोने येतात. एका जागी दिसतात त्या फक्त सकाळी, फाटक उघडायच्या आधी. एकीने आत पाऊल टाकलं की बाकीच्या मेंढरांसारख्या मागे, असं आईच म्हणते. आणि फाटकाशी मिलचे पंखे आणि चाळण्या अशा धडधडत असतात की तिथे फुसफुसणाऱ्या बाईला काही किंमत नाही. भाड्याने भोंगे देणाऱ्यांनी मिलचं नाव ऐकूनच हात वर केले. मालकांच्या घरची लग्नं हातची घालवायची नव्हती त्यांना.

म्हणून मी ॲम्प्लिफायर घरीच बांधायला घेतला. जुना ॲम्प्लिफायर म्हणजे लोखंडी पेटी, आत वीटभर ट्रान्सफॉर्मर, आणि वीज नसेल तिथे बंद. आता क्लास डी नावाचे बोर्ड मिळतात. तळहाताहून लहान. जुना ॲम्प्लिफायर निम्मी वीज तापण्यात घालवतो. हा आवाजाचे बारीक तुकडे करतो, सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो, आणि त्यामुळे जवळजवळ गारच राहतो. फवारणीच्या पंपाच्या दोन बॅटऱ्या जोडल्या की दोन भोंगे खणखणीत वाजवतो. तो ऑनलाइन मागवला, मोबाइलवर बघून बघून सोल्डरिंगचे डाग दिले, आणि घरातल्या एका पत्र्याच्या डब्यात बसवला. गुणगुण येऊ नये म्हणून बॅटरीची उणे बाजू डब्याच्या पत्र्याला जोडली.

भोंगे मामाचे. मामा अमरावतीजवळ भातकुलीला राहतो. मंडप आणि भोंग्यांचाच त्याचा धंदा होता, मोठमोठे डीजे आल्यावर तो बसला. मी मागितले तर स्वतःच भोंगे घेऊन आला.

डबा हातात धरून त्याने मागून पुढून पाहिला. "हे ॲम्प्लिफायर हाय का बिस्किटाचा पुडा वं?"

"मामा, वाजवून तं पाहा."

"ताप नाई, वजन नाई. जे तापत नाई ते काम काय करन?"

"तापून जे वाया जाते ना, ते याच्यात वाया जात नाई."

"म्हंजे तुह्या मामीच्या उलटं." मामी सोबत आली नव्हती म्हणून तो हे बोलू शकला.

मी त्याला एक गोष्ट बजावून सांगितली. जुन्या पेटीत भोंग्याची लाल वायर तेवढी जिवंत. काळी वायर मेलेली, ती सरळ पेटीच्या पत्र्याला बांधली तरी चालते. या बोर्डात दोन्ही वायरी जिवंत असतात. प्रत्येक भोंग्याची काळी वेगळी ठेवायची, पत्र्याला तर लागूच द्यायची नाही, लागली की बोर्ड जळतो. "बरं बरं," मामा म्हणाला, आणि सुपारी कातरायला लागला.

दुपारी गच्चीवर आईला माइक दिला. ओठांना जवळजवळ चिकटवून ती बोलली. भोंग्यातून आधी नुसती हवा आली, मग त्या हवेत शब्द दिसू लागले. खरखरीत, पातळ, पण शब्द. आई दचकली. माइक दूर धरून तिने माझ्याकडे पाहिलं. खालून कोणीतरी ओरडलं, "कोन मेलं वो?" आई इतकी हसली की तिला खोकला लागला. ऑपरेशननंतर तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग ती पुन्हा माइकपाशी आली आणि दुसऱ्या दिवशीचं भाषण सबंध म्हणाली. मामा भोंग्याखाली मान खाली घालून उभा होता. "बाई," तो आईला म्हणाला, "आयकू येऊन राह्यलं. साफ आयकू येऊन राह्यलं."

सकाळी आम्ही फाटकासमोरच्या चहाच्या टपरीला दोन्ही भोंगे बांधले. प्रत्येकाची वायर वेगळी, मीच जोडलेली. कामावरून काढलेली बाईही आली होती, रोजच्यासारखा डबा घेऊन. आत घेतील ही आशा तिने सोडली नव्हती. मी कोपऱ्यावर ऑटो थांबतात तिथे पत्रकं वाटायला गेले.

मी तिकडे असताना सुपरवायझर बाहेर आला आणि टपरीपुढे मालाचा ट्रक आडवा लावून घेतला. भोंग्यांचं तोंड सरळ ट्रकच्या फाळक्यात. मामा मिलच्या भिंतीकडे वळला तर चौकीदार म्हणाला, "भिताडाले हात लावू नका. मालकाचं भिताड हाय." मामाने भोंगे खोलले आणि ट्रकच्या पलीकडे, रस्त्यापल्याडच्या निंबाला बांधले. माझ्या वायरी तिथवर पोचेनात. मग त्याने पिशवीतून आपली जुनी गुंडाळी काढली. मंडपाची तीन तारांची वायर, दोन लाल, एक काळी. त्या गुंडाळीवर त्याने अर्ध्या जिल्ह्याची लग्नं वाजवली होती. दोन भोंग्यांच्या दोन लाल, आणि दोघांची मिळून एक काळी. ती काळी त्याने डब्याच्या पत्र्याला स्क्रूखाली दाबली. आयुष्यभर जिथे दाबली तिथे.

मी परतले तेव्हा बायका फाटकापाशी जमल्या होत्या. सगळ्या हातांत माझी पत्रकं होती. काहींनी घडी करून कमरेला खोचली होती. एकीने त्यावर भाकर ठेवली होती. वाचत कोणीच नव्हतं. आईने टपरीचा बाक ट्रकच्या कडेला, फाटक दिसेल तिथे ओढून घेतला, त्यावर चढून माइक ओठांना लावला, मामाने बटण दाबलं.

भोंग्यातून टक् असा एक आवाज आला. मग काहीच नाही. मी डब्याशी वाकले तोवर जळक्या प्लास्टिकचा वास आला होता.

आई बोलत होती. तिला वाटलं, भोंगे दूर आहेत म्हणून आपल्याला ऐकू येत नाही. ती पूर्ण जोर लावून बोलत होती, गळ्याच्या शिरा ताणून, आणि पंख्यांच्या धडधडीत तिचे नुसते ओठ हलताना दिसत होते.

मी डबा उघडला, काळी वायर पाहिली, आणि मामावर ओरडले. "सांगतलं होतं ना तुमाले! काळी पत्र्याले नाई म्हनून सांगतलं होतं ना!"

सगळ्या फाटकावर माझा आवाज गेला. बायका वळून पाहायला लागल्या.

"तार पुरत नव्हती वं," मामा म्हणाला. "काळी हाय, काळीच्या जागी लावली. काळीत काय असते?"

तेव्हा मला कळलं की त्या धडधडीत माझा आवाज पोचतो आहे. मी बाकावर चढले. आईने माझं मनगट धरलं. "तू नाई," ती म्हणाली. ते मी ऐकलं, कारण तिचं तोंड माझ्या कानाशी होतं. "तू आतली नाईस."

"मंग कोन? कोन बोलन?"

आईची नजर स्विच पाडणाऱ्या बाईकडे गेली. नियमाप्रमाणे ती अजून आतलीच होती, तिच्यासाठीच तर सगळं होतं. पण ती डबा छातीशी धरून मागे सरली. "मले नाई जमत, ताई. मी बोलली तं मंग कवाच नाई घेनार."

फाटक उघडलं. सुपरवायझर मधोमध उभा राहिला, हातात काही नाही, नुसता उभा. बायका जागच्या हलल्या नाहीत. क्षणभर मला खरंच वाटलं की पत्रकं वाचली आहेत यांनी. मग एकजण पुढे निघाली. नवं लुगडं होतं, पदर कमरेला घट्ट खोचलेला. जिचा पदर रोलरमध्ये गेला होता, तीच. टपरीकडे न बघता ती आत गेली. तिच्यामागे दुसरी, मग घोळका. काहीजणी जाता जाता आईकडे बघून हात जोडत होत्या, बाकीच्या तेवढंही नाही. पट्टा सुरू झाल्याचा आवाज बाहेर आला आणि चौकीदाराने फाटक लावून घेतलं.

त्या बायकांवर मी नंतर एक पत्रक लिहिलं, भरपूर शिव्या घालून. छापलं नाही. कोणी त्यांना काही सांगितलंच नव्हतं, तर त्यांनी मोडलं काय?

मामाने भोंगे उतरवले. जुनी गुंडाळी त्याने पिशवीत तळाशी कोंबली. आई त्या दिवशी कामावर गेलीच नाही. ती बाकावर बसून होती. त्या बाईला आता कोणी आत घेणार नाही, हे आम्हा तिघांनाही कळत होतं आणि त्या बाईलाही.

ती बाई आईजवळ येऊन बसली. चहावाल्याने न विचारता तिच्यापुढे कप ठेवला.

"ताई," ती म्हणाली, "तुमी काय म्हनल्या तवा? मले बी आयकू नाई आलं."

आईने तिच्या कानाशी तोंड नेलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. मधेच ट्रक सुरू झाला, तरी थांबली नाही. बाई मान हलवत राहिली. ट्रक गेल्यावर तिने चहा संपवला, कप पालथा घातला.

"काय म्हनलं असन ते बराबरच म्हनलं असन, ताई," ती म्हणाली. मग डबा उचलला. "पुढच्या मिलात सकाळी बाया घेतात म्हनते. अजून घेत असन तं पायतो."

आणि ती एकटीच रस्त्याने निघाली.